डायर स्ट्रेट्स नक्की कुठून ऐकायचं? (‘सुल्तान्स ऑफ स्विंग’ आणि स्टेजवरची ध्वनिमुद्रणं)

तारकाटा (धागाकर्ता)

मंडळी, डायर स्ट्रेट्स हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की आपल्याकडे बहुतेकांची गाडी ‘बेस्ट ऑफ’वरून सुटते आणि तिथेच थांबते. १९९८ची ती निळसर सीडी माझ्याकडेही आहे. पण २०२३ साली त्यांच्या लाइव्ह रेकॉर्डिंगचा ‘लाइव्ह १९७८-१९९२’ हा जाडजूड संच आला, तो सध्या सावकाश ऐकतोय, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय: या बँडची खरी कारकीर्द स्टेजवर घडली. स्टुडिओतली रेकॉर्ड म्हणजे गाण्याचा पहिला खर्डा.

उदाहरणाला एकच गाणं घेऊ, ‘सुल्तान्स’.

जुलै १९७७. लंडनमध्ये इस्लिंग्टनला पाथवे नावाचा छोटासा स्टुडिओ. १२० पौंडांत पाच गाण्यांची डेमो टेप झाली. ती गेली चार्ली गिलेटच्या हातात. बीबीसी रेडिओ लंडनवर त्याचा ‘हाँकी टाँक’ हा कार्यक्रम असायचा. बँडला त्याचा नुसता सल्ला हवा होता, त्याने थेट ‘सुल्तान्स’ वाजवून टाकलं आणि रेकॉर्ड कंपन्या मागे लागल्या. फेब्रुवारी १९७८मध्ये बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत पहिला अल्बम झाला, निर्माता मफ विनवुड, खर्च साडेबारा हजार पौंड. त्यात गाणं पावणेसहा मिनिटांचं आहे. शेवटच्या सोलोत गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरची बोटं पळायला लागतात, आपण सरसावून बसतो, आणि नेमका तिथेच आवाज बारीक बारीक करत गाणं संपवलंय! भर जेवणात ताट उचलावं तसं.

आता जुलै १९७८, बीबीसीसाठी लंडनच्या पॅरिस थिएटरमधला कार्यक्रम (‘लाइव्ह ॲट द बीबीसी’ म्हणून १९९५ला निघाला). चारच जण: मार्क, त्याचा भाऊ डेव्हिड, जॉन इल्स्ली, पिक विदर्स. गाणं जवळपास रेकॉर्डवरचंच, पण धावतं, जरा बुजरं. मग १९७९चा रेनबो थिएटरचा कार्यक्रम, जो या संचात पहिल्यांदाच बाहेर आला. तेच चौघं, पण आता अंगात दीड-दोन वर्षांचे दौरे मुरलेले.

आणि मग ‘ॲल्केमी’ हा लाइव्ह अल्बम. जुलै १९८३, हॅमरस्मिथ ओडियन. गाणं जवळजवळ अकरा मिनिटांचं झालंय. मधे सगळं इतकं खाली उतरतं की गिटार जेमतेम ऐकू येते, खाली कीबोर्डचा पडदा, मग टेरी विल्यम्सचे ड्रम एकेक पायरी चढवत नेतात. रेकॉर्डवर जिथे गाणं विझवलं होतं तिथून इथे ते खरं पेट घेतं. पाच वर्षांत एका गाण्याचं काय होऊ शकतं ते या तीन रेकॉर्डिंगांत लागोपाठ ऐकता येतं.

चौथं रेकॉर्डिंग ‘ऑन द नाइट’, मे १९९२, नीम आणि रॉटरडॅम. १९९३ला निघालेल्या त्या मूळ अल्बमवर ‘सुल्तान्स’ नाहीच. ज्या गाण्याने बँड उभा राहिला तेच वगळलं. मला तरी त्यात बरंच काही दिसतं.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.

कोथरूडकर_काका

धागा झकास. पण ‘ॲल्केमी’ला शिखरावर बसवलंस तिथे आपलं फाटलं. शिखर म्हणजे रेनबो. पिक विदर्सचा हात ऐक. पठ्ठ्या जॅझ वाजवल्यासारखा हलका मारतो, झांजेवरची काठी अशी चालते की गाण्याच्या नावातला झुलवा तिथेच सापडतो. तो १९८२ला ‘लव्ह ओव्हर गोल्ड’नंतर गेला आणि टेरी विल्यम्स आला. ड्रमर चांगला, पण घणाचे घाव. मोठ्या हॉलला ते लागतं हे मान्य, पण मला तेव्हापासून हा बँड चार माणसांचा वाटेनासा झाला.

आणि ते कीबोर्ड! एक कमी होता की काय म्हणून दुसरा.

सहावीतार

काका, कीबोर्डवाल्या ॲलन क्लार्कशिवाय ‘टेलिग्राफ रोड’ झालं नसतं हो.

मी गिटार शिकवतो, म्हणून बोटांबद्दल थोडं. नॉफ्लर डावखुरा आहे पण गिटार उजव्यांसारखी धरतो. पिक (तारा छेडायची छोटी चकती) वापरत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तारा छेडतात, उरलेली दोन बोटं गिटारच्या अंगावर टेकून बसलेली. त्यामुळे हात एका जागी स्थिर राहतो आणि स्वर चिमटीत पकडून सोडल्यासारखा ‘टक्’ करून सुटतो. पिकने तो आवाज निघतच नाही, विद्यार्थी महिनोन् महिने डोकं आपटतात.

दुसरी गोष्ट स्विचची. जुन्या स्ट्रॅटोकास्टर (‘स्ट्रॅट’) गिटारला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग, निवडायच्या स्विचचे तीनच थांबे असायचे. तो मधल्या आणि मागच्या पिकअपच्या अध्येमध्ये अडकवून ठेवला की दोन्ही एकदम चालू राहतात आणि आवाज जरा पोकळ, काचेसारखा होतो. ‘सुल्तान्स’चा आवाज तो. हे गाणं आधी त्याने नॅशनल कंपनीच्या स्टील गिटारवर बांधलं होतं आणि त्याला ते फिकं वाटत होतं. १९७७मध्ये पहिली स्ट्रॅट घेतल्यावर त्यात जीव आला, असं त्याने स्वतः सांगितलंय.

शेवटच्या त्या पळापळीत जादू वगैरे काही नाही. डी मायनर, बी फ्लॅट आणि सी, तीन स्वरसंघ, बारीक तारांवर, ठोक्याला चार स्वर. कागदावर लिहिलं तर चार ओळीत मावतं. वाजवायला बसलात की कळतं तो माणूस किती निवांत वाजवतोय.

विलंबित

मला तर ‘ॲल्केमी’ ऐकताना नेहमी बडा ख्याल आठवतो. पहिल्या अल्बमवर नुसती बंदिश, इथे तिची बढत. कुठे थांबायचं, कुठली जागा पुन्हा दाखवायची, हे सगळं तसंच.

कोथरूडकर_काका

विलंबितराव, प्रत्येक गोष्टीला ख्याल लावायची आपली खोड जाणार कधी? ख्यालात गवय्याला पुढची तान कुठली हे आधी ठरवून येता येत नाही. इथे ‘ॲल्केमी’तला चढउतार तालमीत घोटून बसवलेला आहे. दोन्ही रात्री तो तिथेच खाली गेला असणार आणि तिथेच वर आला असणार. त्यात कमीपणा काही नाही, पण जात वेगळी आहे. ही नाटकवाल्यांची शिस्त.

विलंबित

मान्य नाही, पण ‘नाटकवाल्यांची शिस्त’ आवडलं.

थेम्सकाठची

मी आग्नेय लंडनमध्ये राहते, तेव्हा थोडी भर. डेप्टफर्डला क्रॉसफील्ड्स वसाहतीत फॅरर हाउस नावाची इमारत आहे. साधी विटांची, लांब सज्ज्यांची, आपल्या म्हाडाच्या इमारतींची चुलत बहीण. १९७७मध्ये मंडळी तिथे राहायची आणि पहिला कार्यक्रमही तिथेच, इमारतीमागच्या मोकळ्या जागेत झाला. २००९मध्ये तिथे स्मृतिफलक बसवला. बघायला म्हणून मुद्दाम जाल तर दोन मिनिटांत बघून होतं, पण तिथून ग्रिनिच चालत जा. त्या भागातल्याच एका जवळपास रिकाम्या पबमध्ये नॉफ्लरने एक जॅझ बँड ऐकला. मोजकी माणसं, बँडही यथातथा, आणि निरोप घेताना त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःचं नाव सांगितलं: सुल्तान्स ऑफ स्विंग! गाणं त्यातून आलं.

मला या माणसात आधी बातमीदार दिसतो. जन्म ग्लासगोचा, वाढला न्यूकॅसलजवळ ब्लाइदला, मग हार्लोला पत्रकारितेचा कोर्स आणि लीड्सच्या ‘यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट’मध्ये नोकरी. १९७०च्या सप्टेंबरात तिथल्या त्याच्या शेवटच्या दिवशी संपादकांनी सांगितलं, जिमी हेंड्रिक्स गेला, त्याच्यावर लिही. हे त्यानेच सांगितलेलं आहे. पुढे लीड्स विद्यापीठात इंग्रजी, मग लॉटनच्या कॉलेजात शिकवणं. पहिला अल्बम आला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पंकच्या ऐन धुमाळीत, वीस-बावीसची पोरं सेफ्टी पिना लावून ओरडत असताना, हा मास्तर शांतपणे पबमधल्या बँडची बातमी देत होता. आवाजही गायकाचा नाही, सांगणाऱ्याचा.

सहावीतार

ताई, ‘बातमी देत होता’ला दंडवत. आणि ते गाणं इंग्लंडमध्ये १९७८च्या उन्हाळ्यात आलं तेव्हा फारसं चाललंच नाही. अमेरिकेत उचललं गेलं, मग १९७९मध्ये घरी आठव्या क्रमांकावर आणि तिकडे चौथ्या.

गिरणगाव_ब्लूज

एमएमआरडीए मैदान, मार्च २००५ला कोण कोण होतं?

मी होतो. नॉफ्लर मुंबईत! आधी ‘शांग्री-ला’ अल्बम आला होता, २००३च्या मोटरसायकल अपघातात गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडून घेतलेला माणूस पुन्हा दौऱ्यावर निघाला होता. वांद्रे-कुर्ला संकुलातली ती धूळ, आजूबाजूला ऑफिसातून थेट आलेले टाय सैल केलेले लोक, आणि कॉलेजातल्या कॅसेटी झिजवलेले आमच्यासारखे. स्टेजवर नाटक काहीच नाही. गडी येतो, गिटार अडकवतो, वाजवतो, पुढची गिटार घेतो.

आणि ‘सुल्तान्स’ सुरू झालं तेव्हा एक गंमत लक्षात आली. मैदानातले लोक ‘ॲल्केमी’ गुणगुणत होते, तो मात्र ‘ॲल्केमी’ वाजवत नव्हता. गती उतरवलेली, स्वर कमी, मधे जागा मोकळी सोडलेली. माझ्या शेजारचा एकजण वैतागला, ‘अरे जोरात घे ना!’ मला उलट बरं वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आपलं जुनं गाणं पन्नाशीच्या माणसासारखं वाजवावं. तारकाटा, तुझ्या यादीत हा पाचवा टप्पा घाल.

तारकाटा

घातला! मीच लिहायला हवं होतं. त्याच्या एकट्याच्या दौऱ्यांत गाणं आकसत गेलं हे अगदी बरोबर. स्टेजवर वाढवलं, स्टेजवरच छाटलं.

रेकॉर्डवाला

जमवणाऱ्यांसाठी काही सूचना.

‘मनी फॉर नथिंग’ नावाचं १९८८चं संकलन मिळालं तर सोडू नका. त्यात ‘पोर्टोबेलो बेल’ लाइव्ह आहे, जे मूळ ‘ॲल्केमी’वर नव्हतं.

‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) एलपीवर घेणार असाल तर जुनी प्रत बघून घ्या. सीडीवर अल्बम ५५ मिनिटांचा आहे, त्या वेळच्या एलपीवर तेवढं मावेना म्हणून पहिल्या बाजूची गाणी कापली होती. हल्लीच्या पुनर्मुद्रणांत दोन तबकड्या करून पूर्ण दिलंय. ही सीडीच्याच जमान्यातली रेकॉर्ड. दहा लाख सीडी खपलेला पहिला अल्बम हाच, आणि १९८५च्या दौऱ्याला फिलिप्सचं प्रायोजकत्व होतं ते काही उगाच नव्हे, सीडी प्लेअर विकायचे होते.

काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस चालू असताना हे सगळं हाताळून, मागची बाजू वाचून घेता यायचं. २०१६ला ते बंद झालं. आता ऑनलाइन मागवा आणि कोपरा दुमडलेला निघाला तर हळहळत बसा.

ध्वनिवेडा

‘स्टुडिओ म्हणजे पहिला खर्डा’ या विधानाला माझा सपशेल विरोध, आणि पुरावा ‘ब्रदर्स इन आर्म्स’च.

कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर जॉर्ज मार्टिनचा एअर स्टुडिओ होता (१९८९ला ह्यूगो वादळात उद्ध्वस्त झाला). तिथे सोनीच्या २४ ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर हे रेकॉर्ड झालं. निर्मितीत नॉफ्लरच्या जोडीला नील डॉर्फ्समन. ‘मनी फॉर नथिंग’ला नॉफ्लरला झेडझेड टॉप या बँडसारखा जाडाभरडा आवाज हवा होता. गिब्सन गिटार, लेनी कंपनीचा ॲम्प. मायक्रोफोन मांडायचं काम चालू होतं: एक खाली जमिनीकडे तोंड करून लोंबतोय, दुसरा स्पीकरपासून भलतीकडेच वळलेला. सरळ करायला माणूस जाणार इतक्यात कंट्रोल रूममध्ये आवाज आला आणि डॉर्फ्समनने सांगितलं, कशालाही हात लावू नका. तो जो नाकातून बोलल्यासारखा, मधोमध दाबलेला आवाज आहे, तो या वाकड्या मायक्रोफोनांचा. नंतर न्यूयॉर्कला मिक्सिंगच्या वेळी पुन्हा आणायला गेले तर तसा मिळाला नाही. असा आवाज स्टेजवर कुठून आणणार? कुठलाही लाइव्ह ‘मनी फॉर नथिंग’ घ्या, रेकॉर्डच्या पासंगाला पुरत नाही.

काकांसाठी खाऊ: या अल्बमवर टेरी विल्यम्सचे ड्रम बहुतांशी काढून टाकले. ओमर हकीमला बोलावलं, त्याने दोन दिवसांत वाजवून संपवलं. विल्यम्सचा राहिला तो ‘मनी फॉर नथिंग’च्या सुरुवातीचा गडगडाट.

कोथरूडकर_काका

बघा! मी म्हणत नव्हतो?

तारकाटा

काका, पण पुढच्या पूर्ण दौऱ्यावर विल्यम्सच होता. सुमारे अडीचशे कार्यक्रम, एप्रिल १९८५ला युगोस्लाव्हियातल्या स्प्लिटपासून पुढच्या वर्षी सिडनीपर्यंत. मधे १३ जुलैला वेम्बली स्टेडियमवरचा लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रमही उरकला. त्या आठवड्यात त्यांचे कार्यक्रम शेजारच्या वेम्बली अरीनात चालू होते. तेव्हा दिवसा स्टेडियममध्ये स्टिंगबरोबर ‘मनी फॉर नथिंग’ आणि मग ‘सुल्तान्स’, नंतर पार्किंग ओलांडून आपल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला हजर.

ध्वनिवेडा, तुझा मुद्दा त्या एका गाण्यापुरता मान्य. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या गाण्याला मात्र नाही. रेकॉर्डवर ते सुंदर आहे, तरी जरा काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं. जून १९८८ला वेम्बलीवर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचा कार्यक्रम झाला, त्यातलं बघ. बँडमधल्या जॅक सॉनीच्या घरी जुळ्या मुली झाल्या होत्या म्हणून दुसऱ्या गिटारला एरिक क्लॅप्टन उभा! आणि क्लॅप्टनने शहाण्यासारखं मागे राहून साथ केली. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. युद्धावरचं गाणं त्या मैदानात वेगळंच वजन घेऊन आलं.

नवखा_श्रोता

दादा लोक, मला फक्त दोन गाणी माहीत आहेत. एवढं वाचून गोंधळलो. नक्की कुठून सुरू करू?

सहावीतार

पहिला अल्बम पूर्ण. मग ‘मेकिंग मूव्हीज’ (१९८०). त्यावर ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडातला रॉय बिटन पियानोला आहे, आणि डेव्हिड नॉफ्लर त्याच रेकॉर्डिंगच्या दरम्यान बँड सोडून गेला. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची सुरुवात नॅशनलच्या स्टील गिटारवर आहे, ती नीट हेडफोन लावून ऐक. मग ‘ॲल्केमी’.

कोथरूडकर_काका

मग रेनबो.

रेकॉर्डवाला

‘कम्युनिके’ हा दुसरा अल्बम शेवटी ठेवलास तरी चालेल. पहिल्या अल्बमचीच दुसरी प्रत, फक्त बहामाजमधल्या नासाऊच्या समुद्रकिनारी काढलेली.

वांगणी_लोकल

‘ऑन द नाइट’बद्दल कोणीच बरं बोलेना म्हणून लिहितेय. १९९१-९२चा दौरा अवाढव्य होता, दोनशेच्या वर कार्यक्रम, स्टेजवर नऊ माणसं, सगळं मोठ्या स्टेडियमच्या मापाचं, हे खरं. नॉफ्लरही त्यातून थकूनच बाहेर पडला. ऑक्टोबर १९९२ला स्पेनमध्ये सारागोसाला शेवटचा कार्यक्रम झाला आणि १९९५ला बँड अधिकृतपणे संपला.

पण पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची पेडलवाली गिटार) ऐकलीत का? ‘यू अँड युअर फ्रेंड’मध्ये तो आणि नॉफ्लर एकमेकांना जागा देत जातात, तेवढा तुकडा मी लोकलमध्ये खिडकीशी बसून कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकला आहे. नीमच्या रोमन रंगमंडलात, दगडी पायऱ्यांवर बसून हे ऐकणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. नॉफ्लर पुढे नॅशव्हिलच्या वादकांकडे का वळला, त्याचं उत्तरही मला तिथेच मिळतं. ‘सुल्तान्स’ वगळलं म्हणून तारकाटा नाराज, मला वाटतं तो पुढचं काहीतरी शोधत होता.

तारकाटा

हे पटण्यासारखं आहे. आज रात्री ‘यू अँड युअर फ्रेंड’ पुन्हा लावतो.

थेम्सकाठची

नंतरच्या प्रवासाबद्दल थोडं, कारण ‘कारकीर्द’ १९९२ला संपत नाही. ‘सेलिंग टु फिलाडेल्फिया’ (२०००) माझ्या मते नॉफ्लरची सगळ्यात भरीव एकट्याची रेकॉर्ड. मग चिझिकला त्याने ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओ उभा केला. तिथे ईएमआय कंपनीचे जुने मिक्सिंग कन्सोल दुरुस्त करून बसवलेत आणि शेजारी अगदी आजची यंत्रं. २०१८ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, मार्क गेलाच नाही. बँडची ओळख करून द्यायलाही कोणी नाही, तेव्हा जॉन इल्स्लीनेच उठून आपल्याच बँडचा सत्कार केला! मला ते अवघडल्यासारखंही वाटलं आणि गोडही. २०२४च्या जानेवारीत क्रिस्टीज या लिलावघरात मार्कने शंभरावर गिटारी आणि ॲम्प विकले, ८० लाख पौंडांच्या वर रक्कम जमली, चौथा हिस्सा धर्मादाय संस्थांना. आणि त्याच वर्षी ‘वन डीप रिव्हर’ काढला.

पुन्हा एकत्र येण्याचा प्रश्न त्याला दर मुलाखतीत विचारतात. उत्तर तेच, नाही.

गिरणगाव_ब्लूज

आणि बरंच आहे ते. साठी-सत्तरीत स्टेडियममध्ये ‘ॲल्केमी’ची नक्कल करणारे डायर स्ट्रेट्स कोणाला हवेत?

नवखा_श्रोता

मला हवेत :)

पहिला अल्बम ऐकला. शेवटच्या सोलोला गाणं खरंच विझवलंय की! चिडलो.

कोथरूडकर_काका

आता बाळा, थेट ‘ॲल्केमी’वर उडी मारू नकोस. मधे रेनबो. त्यात विदर्सची काठी कुठे पडते त्याकडे लक्ष दे, मग इथे येऊन लिही. तारकाटाचं आणि माझं भांडण मिटवायला तिसरा माणूस लागणारच आहे.